टर्बो गाडीसाठी शांत सायलेन्सर निवडताना

टर्बो पेट्रोल गाड्या आता हौशी लोकांपुरत्या राहिलेल्या नाहीत. नेक्सॉन, फ्राँक्स, व्हेन्यू, व्हर्टस, स्लाव्हिया, थार अशा घरगुती गाड्यांतही टर्बो इंजिन आले आणि त्याबरोबर वाचकांचे प्रश्नही बदलले. पूर्वी विचारणा व्हायची ती आवाज भारदस्त कसा करता येईल याची. आता बहुतेक पत्रांत नेमके उलटे असते. सायलेन्सर गंजलाय, किंवा रिमॅप केल्यावर गॅरेजवाल्याने एक्झॉस्ट मोकळा करायला सांगितलाय. पण रात्री उशिरा सोसायटीत शिरायचे असते, आई-वडिलांना घेऊन गावी जायचे असते, मागच्या सीटवर लहान मूल झोपलेले असते. आवाज न वाढवता हे काम होईल का? आणि गॅरेजमध्ये ठरलेले उत्तर मिळते : ‘शांत पाहिजे असेल तर पिकअप विसरा.’

हे उत्तर टर्बो गाडीला लागू पडत नाही. नळी आवळूनच आवाज कमी होतो असे नाही. नळी मोकळी ठेवून डब्यांचे आकारमान वाढवले आणि ते योग्य जागी बसवले, तरी आवाज कमी होतो. हे एवढे पक्के लक्षात ठेवलेत तर बाजारातल्या अर्ध्या दाव्यांचा निकाल तुम्हाला स्वतःच लावता येईल.

निर्णयापुरते तंत्र

टर्बोचे चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरते. प्रत्येक सिलिंडरमधून येणारा दाबाचा धक्का त्या चाकाच्या पात्यांवर आदळून बराचसा विरतो. म्हणून तेवढ्याच ताकदीच्या बिनटर्बो इंजिनापेक्षा टर्बोच्या मागे येणारा आवाज मुळातच कमी आणि गुळगुळीत असतो. आवाज दाबण्याचे निम्मे काम टर्बोनेच केलेले असते.

मात्र टर्बोला एक गोष्ट चालत नाही : त्याच्या मागच्या बाजूला साचलेला दाब. चाक फिरते ते पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागे वायू तुंबला की टर्बोला जाग यायला उशीर होतो आणि इंजिन तापते. म्हणून टर्बो गाडीला हवा तो कमी अडथळ्याचा पण मोठ्या पोटाचा डबा.

सुपरचार्जरची गोष्ट वेगळी आहे. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, एक्झॉस्टच्या वाटेत येतच नाही. त्यामुळे धक्के जसेच्या तसे मागे येतात आणि आवाज दाबण्याचे सगळे ओझे डब्यांवर पडते. आपल्याकडे अशा गाड्या थोड्या आहेत : जुन्या मर्सिडीज कॉम्प्रेसर, जग्वार आणि रेंज रोव्हरची सुपरचार्ज्ड पेट्रोल मॉडेल्स, जुन्या ऑडी क्यू ७ ची ३.० टीएफएसआय. या ऑडीच्या नावातल्या ‘टी’मुळे पुष्कळजण फसतात, त्या इंजिनात टर्बो नसून सुपरचार्जर आहे. सेकंडहँड घेतली असेल तर एक्झॉस्टची ऑर्डर देण्याआधी बॉनेट उघडून खात्री करून घ्या.

आधी ठरवा : बदलायची गरज आहे का?

‘आवाज वाढला’ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांत डबा धडधाकट असतो. कुठेतरी गळती असते. नवा सायलेन्सर घेण्याआधी हे तपासा :

- गाडी रात्रभर थंड झालेली असावी आणि जागा उघडी असावी. बंद पार्किंगमध्ये किंवा बेसमेंटमध्ये हे अजिबात करू नका. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो.
- गाडी सुरू केल्याबरोबर मदतनीसाने जाड हातमोजे घालून टेलपाइपवर जाड फडके काही सेकंद सैलसर धरावे. तुम्ही बाजूने वाकून कान द्या. जोडावर गळती असेल तर ‘फस्स फस्स’ असा आवाज तिथून स्पष्ट येतो. गाडीखाली शिरू नका. खालून पाहायचे ते गॅरेजच्या लिफ्टवर.
- फ्लँजच्या जोडाभोवती काळी काजळी दिसली तर गॅस्केट गेलेय.
- पुढच्या जाळीदार लवचिक नळीचे विणकाम उसवलेय का पाहा. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर पहिला बळी तिचाच जातो.
- लटकवणारे रबर तुटले की डबा बॉडीला टेकतो आणि सगळी गाडी थरथरते. वरचा उष्णतारोधक पत्रा सैल झाला की ठरावीक आरपीएमला खुळखुळ होते.

यातले काहीही निघाले तर दुरुस्ती थोडक्यात होते आणि कंपनीचा सायलेन्सर वाचतो. कंपनीच्या सायलेन्सरबद्दल एक मत मनापासून सांगते : एक लिटर ते दीड लिटरच्या, रिमॅप न केलेल्या टर्बो गाडीला त्याच्याइतका चांगला शांत सायलेन्सर बाजारात मिळत नाही. कंपनीने तो त्याच गाडीच्या केबिनसाठी महिनोन्‌महिने जुळवलेला असतो. नुसता मागचा डबा बदलून अशा गाडीची ताकद जाणवण्याइतकी वाढत नाही. वाढतो तो आवाज.

तुमची गाडी कशी आहे त्यानुसार निर्णय साधारण असा होतो :

- गाडी मूळ स्थितीत, डबा गंजलेला : कंपनीचा सुटा भाग किंवा त्याच मापाचा, तेवढ्याच आकाराचा पर्यायी डबा. बाकी काही नको.
- फक्त सॉफ्टवेअर रिमॅप, ज्याला ‘स्टेज वन’ म्हणतात : बहुतेक गाड्यांत मूळ एक्झॉस्ट पुरतो. रिमॅप करणाऱ्याने ‘कॅट-बॅक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा एक्झॉस्ट) घ्यावाच लागेल’ म्हटले तर लॉगमधले बूस्टचे, म्हणजे टर्बोच्या दाबाचे, आकडे दाखवायला सांगा.
- दोन लिटरचे इंजिन, मोठा टर्बो किंवा २०० हॉर्सपॉवरच्या वर नेलेली गाडी : इथे मोकळी नळी खरोखर उपयोगी पडते. पुढचा मजकूर मुख्यतः तुमच्यासाठी आहे.
- डिझेल : हात लावू नका. आजच्या जवळजवळ सगळ्या डिझेल गाड्या टर्बोच आहेत, आणि टर्बोच्या मागे बसवलेला डीपीएफ (काजळी गाळणारा भाग) हाही आवाज खातो. डीपीएफ काढून देणारे भेटतील. ते काम बेकायदाही आहे आणि काळ्या धुराचेही.

डब्याच्या आत काय आहे ते विचारा

बाहेरून सगळे डबे सारखेच चकचकीत दिसतात. फरक पोटात असतो.

पहिला प्रकार सरळ नळीचा. मधून भोके पाडलेली सरळ नळी जाते, तिच्याभोवती लोकर भरलेली असते आणि वरून पत्रा. वायूला अडथळा जवळजवळ नाही. भोकांतून आवाज लोकरीत शिरतो आणि तिथे उष्णतेत विरतो. वरच्या पट्टीतला कर्कशपणा हा डबा छान खातो. खालच्या पट्टीतली घरघर मात्र त्याला तेवढी जमत नाही. टर्बोसाठी हाच पाया धरावा, पण डबा लांब आणि जाड हवा. याच प्रकारचा एक वीतभर लांब, बारीक डबा ‘फ्री-फ्लो’ म्हणून विकला जातो. आवाज दाबण्यापुरते आकारमानच त्याच्यात नसते.

दुसरा प्रकार कप्प्यांचा. आत पडदे असतात, वायू वळणे घेत जातो आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आदळून विरतात. खालच्या पट्टीत हा उत्तम, पण अडथळा जास्त. सुपरचार्ज्ड गाडीला मागच्या बाजूला हा डबा शोभतो.

तिसरा, दोन्हींचा मेळ असलेला. कंपन्यांचे बरेचसे मूळ डबे असेच असतात. चांगल्या पर्यायी ब्रँडचा असा डबा तुमच्या गाडीसाठी तयार मिळत असेल तर तोच पहिली पसंती समजा.

लोकरीकडे विशेष लक्ष द्या. टर्बोला लागून असलेल्या नळीतला वायू जोरात चालवताना ८०० अंश सेल्सियसच्याही पुढे जातो. पुढच्या बाजूच्या छोट्या डब्यात, म्हणजे रेझोनेटरमध्ये, साधी काचलोकर भरली तर ती थोड्याच काळात ठिसूळ होऊन मागून उडून जाते आणि पहिल्या दिवशी शांत असलेली गाडी वर्षभरात गुरगुरायला लागते. पुढच्या डब्यात नळीभोवती स्टीलची लोकर आणि तिच्याबाहेर बेसॉल्ट किंवा उच्च तापमानाची लोकर असे दोन थर मागा. मागच्या डब्यापर्यंत वायू पुष्कळ निवलेला असतो, तिथे चांगल्या प्रतीची काचलोकर चालते. भोकांऐवजी खवले उचललेली नळी असेल तर ती टाळा. ते खवले वायू अडवतात.

खरी डोकेदुखी : घुमणे

एक्झॉस्ट बदलून पस्तावलेल्या बहुतेकांची तक्रार बाहेरच्या आवाजाची नसते. ती असते केबिनमधल्या घुमण्याची. शहरात सगळे ठीक वाटते. महामार्गावर एका ठरावीक वेगाला कानात दडे बसल्यासारखा जड ‘हूंऽऽ’ सुरू होतो, गप्पा थांबतात आणि दोन तासांत डोके चढते.

हे का होते ते आकड्यांत पाहिले तर उपायही कळतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एक्झॉस्टच्या मुख्य आवाजाची वारंवारता म्हणजे आरपीएमला ३० ने भागून येणारा आकडा. तीन सिलिंडरला ४० ने भागा, सहाला २० ने. २४०० आरपीएमला चार सिलिंडरची गाडी ८० हर्ट्झवर गुंजते, तीन सिलिंडरची ६० वर. आता गाडीची केबिन सव्वादोन मीटर लांब धरा. तेवढ्या बंद जागेत हवा स्वतःहून ७५ हर्ट्झच्या आसपास घुमते. दोन्ही आकडे जवळ आले की केबिनच ढोलासारखी वाजते. महामार्गावरचा तुमचा नेहमीचा वेग आणि ही जागा जुळली तर एकटा सरळ नळीचा डबा फारसे काही करू शकत नाही.

व्हर्टस, टायगुन, कुशाक आणि स्लाव्हियामधल्या १.५ टीएसआय इंजिनवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हलक्या पायाने चालवताना ते इंजिन चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवते. तेव्हा तेच २४०० आरपीएम थेट ४० हर्ट्झवर उतरतात. कंपनीचा एक्झॉस्ट हे धरूनच बनवलेला आहे. बाहेरचा कॅट-बॅक बनवणाऱ्याने त्याचा विचार केला असेलच असे नाही. गाडी चारवर छान आणि दोनवर असह्य, असे होऊ शकते. तुमच्या गाडीत हे इंजिन असेल तर त्याच इंजिनावर तोच एक्झॉस्ट बसवलेल्या गाडीत बसून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

घुमण्यावर उपाय तीन :

- मधला रेझोनेटर ठेवणे. मूळ गाडीत तो असतो आणि ‘काढला की मोकळा होतो’ म्हणून तोच पहिला कापला जातो. कापू देऊ नका. सरळ नळीच्या रेझोनेटरचा अडथळा नगण्य असतो.
- बंद तोंडाची बाजूची नळी. मुख्य नळीला एक फांदी जोडून तिचे दुसरे टोक बंद करतात. लांबी बरोबर निवडली की तिच्यातून परत आलेली लाट नेमकी तीच वारंवारता मारते. ८० हर्ट्झसाठी ही फांदी साधारण सव्वा ते दीड मीटर लागते, ६० साठी पावणेदोन ते दोन मीटर. वायू तिच्यातून वाहत नाही, त्यामुळे ताकदीला धक्का नाही. अडचण जागेची, छोट्या हॅचबॅकखाली एवढी लांबी मावत नाही.
- बाजूचा बंद डबा. लांब नळीऐवजी अरुंद मानेचा डबा जोडला तरी तेच काम कमी जागेत होते. याचे माप काढायला जाणकार माणूस लागतो. अंदाजाने बसवला तर तो निव्वळ वजन.

आधी आरपीएम शोधा, मग उपाय करा. टॉप गिअरमध्ये हलका चढ चढताना घुमणे सर्वात जास्त ऐकू येते, कारण तेव्हा आरपीएम कमी आणि इंजिनावर भार जास्त असतो. शेजारी बसलेल्याला आकडे लिहून घ्यायला सांगा. गाडी चालवताना तुम्ही लिहू नका.

नळीचा व्यास : मोठा म्हणजे चांगला नव्हे

‘तीन इंची टाकू, पुढे उपयोगी पडेल’ हे वाक्य ऐकले की थांबा. गरजेपेक्षा मोठ्या नळीने ताकद वाढत नाही. आवाज वाढतो, वजन वाढते आणि जमिनीपासूनचे अंतर कमी होते. एका नळीसाठी ढोबळ मापे अशी :

- सुमारे १४० हॉर्सपॉवरपर्यंत दोन इंच
- १८० च्या आसपासपर्यंत सव्वादोन इंच
- २३० च्या आसपासपर्यंत अडीच इंच
- त्यापुढे सव्वातीनशेपर्यंत तीन इंच

तीन सिलिंडरच्या एक लिटर टर्बोला अडीच इंची नळी टाकणारी गॅरेजेस आहेत. ११५-१२० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ती कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर कुणी देत नाही.

वळणे कशी केली आहेत तेही पाहा. साध्या पाइपबेंडरवर वाकवलेली नळी वळणावर चेपते आणि आतला व्यास घटतो. आत आधार घालून वाकवलेली नळी गोल राहते. अडीच इंची म्हणून घेतलेली नळी वळणावर दोन इंची झाली, तर दाम मोठ्या नळीचे आणि काम छोटीचे.

कॅटला हात लावू देऊ नका

टर्बो गाडीत सर्वात जास्त फरक पाडतो तो डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून निघणारी पहिली नळी, आणि बीएस ६ गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा तिथेच, टर्बोला चिकटून असतो. म्हणून ‘डिकॅट’चा सल्ला टर्बोवाल्यांनाच जास्त मिळतो. कॅट काढल्याने विषारी वायू थेट रस्त्यावर येतात, केबिनमध्ये वास येतो, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो आणि आवाजही चढतो, कारण कॅटची जाळी स्वतःच आवाज विरवते. दिवा विझवायला सेन्सरखाली स्पेसर लावून देतात. ती गाडीच्या संगणकाची फसवणूक आहे. शांत गाडी हवी असेल तर मूळ कॅट ठेवा आणि बदल त्याच्या मागेच करा.

व्हॉल्व्ह असलेला एक्झॉस्ट

बटण दाबले की शांत, पुन्हा दाबले की मोकळा. ऐकायला दोन्ही हातांत लाडू, पण बंद अवस्थेत वायू लांबच्या वाटेने जातो आणि ती वाट नीट बनवलेली नसेल तर टर्बो तुंबतो. स्वस्त व्हॉल्व्हची पाती उष्णतेने वाकतात, पावसाळ्यात दांडा गंजून अर्धवट उघडा अडकतो आणि खुळखुळायला लागतो. कंपनीनेच दिलेला असेल तर ठीक. बाहेरून बसवायचा तर ‘वीज किंवा व्हॅक्यूम गेल्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो की बंद?’ हा प्रश्न जरूर विचारा. शांतता हे तुमचे ध्येय असेल तर मी तो सुचवणार नाही. उघड्या अवस्थेत पकडले गेलात, तर ‘बंदही होतो’ ही सबब चालत नाही.

पत्रा, जाडी आणि आपला पावसाळा

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर साध्या लोखंडी नळीचे काम घेऊ नका. समुद्राची खारी हवा आणि रस्त्यावरचे पाणी तिला लवकर खाते, आणि नळीला भोक पडले की शांतता संपली. ३०४ ग्रेडचे स्टेनलेस सर्वोत्तम; ४०९ ग्रेड स्वस्त, वरून तांबूस गंज धरते पण टिकते. खिशात चुंबक ठेवा : ४०९ ला तो घट्ट चिकटतो, ३०४ ला जवळजवळ नाही. जाडी दीड मिलिमीटर मागा. एक मिलिमीटरचा पत्रा स्वतःच डब्यासारखा वाजतो. जवळच्या फेऱ्या जास्त असतील तर डब्याच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोक आहे ना पाहा.

ऑर्डर देण्याआधी फॅब्रिकेटरला विचारा

- माझ्या इंजिनावर, याच मॉडेलवर केलेली गाडी दाखवता का? व्हिडिओ नको, मोबाईलच्या माइकला घुमणे ऐकूच येत नाही.
- मागच्या डब्याची लांबी, रुंदी, आतली रचना आणि लोकर कोणती?
- रेझोनेटर किती आणि कुठे?
- मूळ हुक आणि मूळ रबरच वापरणार ना?
- ऑक्सिजन सेन्सरच्या आधी जोड असेल तर गळती कशी तपासणार?
- मूळ एक्झॉस्ट कापणार की नटबोल्टने सोडवून पूर्ण परत देणार?
- घुमले तर काय कराल, आणि ते बिलावर लिहून द्याल का?

शेवटच्या प्रश्नावर माणूस घुटमळला तर दुसरे गॅरेज बघा.

आवाज मोजताना होणारी फसगत

विक्रेते सांगतात, ‘८५ डेसिबल फक्त.’ कुठून मोजले? टेलपाइपपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, ठरावीक आरपीएमवर मोजणे ही उभ्या गाडीची पद्धत आहे. प्रवासी कारसाठी आपल्याकडे नव्या गाडीच्या मंजुरीवेळी असलेली ७४ डेसिबलची मर्यादा धावत्या गाडीला साडेसात मीटरवरून मोजून ठरते. हे दोन आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

मोबाईल ॲपने खरा आकडा मिळत नाही, पण आधी-नंतरची तुलना करता येते. फोन एकाच जागी, काचा बंद, एसी बंद, तोच रस्ता, तोच वेग. ॲपमध्ये ‘ए’ आणि ‘सी’ अशा दोन मोजण्या असतील तर दोन्ही घ्या. ‘ए’ मोजणी माणसाच्या कानानुसार खालच्या पट्टीला कापते. ८० हर्ट्झवर ती सुमारे २२ डेसिबल कमी दाखवते. म्हणून ‘ए’वर गाडी शांत दिसते आणि तुमचे डोके मात्र दुखत असते. ‘सी’चा आकडा मूळ एक्झॉस्टपेक्षा बराच चढला असेल तर तक्रार करायला तुमच्याकडे पुरावा आहे. नवी लोकर पहिले काही आठवडे जास्त आवाज खाते, तेव्हा महिन्याभराने पुन्हा मोजा.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा अशा आहेत :

- कलम १९०(२), आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग : पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता.
- कलम १८२अ(४), परवानगी नसलेला बदल : गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

जागेवर भरून मिटवायची रक्कम राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते, ती वेगळी.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निर्धोक वाट एकच : मूळ भाग किंवा मूळ नमुन्याबरहुकूम पर्यायी भाग. मूळ एक्झॉस्टमध्ये जास्तीचा रेझोनेटर घालून गाडी अधिक शांत केलीत तरी कागदोपत्री तो बदलच आहे. व्यवहारात त्यावरून त्रास होण्याची शक्यता कमी, इतकेच. परदेशी ब्रँडवरचा ‘ई’ अक्षराचा ठसा युरोपातली आवाजाची चाचणी पार केल्याचे दाखवतो. गुणवत्तेचा तो चांगला पुरावा आहे, भारतातली मंजुरी नव्हे. ‘एआरएआय मान्य’ असे सांगितले तर पुण्याच्या त्या संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावर तुमच्याच मॉडेलचे नाव आहे का पाहा. पीयूसी चाचणीत आवाज मोजला जात नाही, त्यामुळे ‘पीयूसी मिळाली म्हणजे सायलेन्सर कायदेशीर’ हा युक्तिवाद टिकत नाही.



तुमचे हक्क आणि कागद

पोलिसांनी थांबवले तर आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमधून दाखवलेले चालतात. चलनावर कोणते कलम लावले आहे ते वाचा. गाडीचा एक्झॉस्ट मूळच असेल, पण कंपनीनेच तो थोडा भारदस्त बनवला असेल, जसे ह्युंदाईच्या एन लाइन गाड्यांत आहे, तर सर्व्हिस सेंटरकडून ‘मूळ सुटा भाग’ असे लेखी घेऊन फोनमध्ये ठेवा. चलन मान्य नसल्यास न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

वॉरंटीतल्या गाडीचा एक्झॉस्ट बदलला तर टर्बो, कॅट, सेन्सर यांचे दावे अडकू शकतात. कंपनीने दावा नाकारला तर ‘या बिघाडाचा बदललेल्या भागाशी संबंध काय’ याचे लेखी कारण मागा. तोंडी नकारावर थांबू नका. विमा कंपनीला बदल कळवा. कळवला नाही तर मोठ्या अपघाताच्या दाव्यात तोच मुद्दा पुढे येतो.

फॅब्रिकेटरकडून जीएसटी बिल घ्या. त्यावर ग्रेड, जाडी, डब्याची मापे आणि ‘मूळ एक्झॉस्टपेक्षा केबिनमध्ये जास्त घुमणार नाही’ ही हमी लिहून घ्या. रोख देऊन पाच-सातशे रुपये वाचवणाऱ्यांकडे तक्रारीच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. हमी पाळली नाही तर आधी लेखी नोटीस, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावे लागते.

मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका. गॅरेजवाला ‘ठेवून काय करणार, मी घेतो’ म्हणतो, कारण कॅट त्यातच असेल तर त्यातल्या मौल्यवान धातूंना चांगली किंमत येते. घरी आणा, तोंडे कापडाने बांधा, नटबोल्ट आणि गॅस्केट त्याच पिशवीत ठेवा आणि गाडी विकेपर्यंत माळ्यावर राहू द्या.